आठ व्हॉल्व्हांचं कमळ

आमच्या घरी मोटार आली ती बैलांच्या मागून. हुबळीहून धारवाडला, रायापूरच्या रस्त्यानं. पुढे भाड्याची बैलजोडी, मागे दोरखंडाला बांधलेलं ते काळं धूड आणि त्यात स्टिअरिंगचं चाक धरून ताठ बसलेले आमचे हे. आमच्या मळमड्डीच्या आळीत शिरताना शेजारच्या पेन्शनर मास्तरांनी विचारलं म्हणे, की वकीलसाहेब, पेट्रोल कुणाला पाजता, पुढच्यांना की मागचीला? यांनी ते हसण्यावारी नेलं. मी दाराआडून बघत होते. मला काही हसू आलं नाही. सगळ्या आळीच्या खिडक्या उघड्या होत्या.

लढाई सुरू व्हायच्या थोडी आधीची ही गोष्ट. मी मूळची सांगलीकडची. लग्न होऊन धारवाडात येऊन मला काही वर्षं झाली होती. कानडी समजायला लागलं होतं आणि मी ते बोलले की बाजारातल्या बायका पूर्वीइतक्या हसत नव्हत्या. घरात आम्ही चौघंच. हे, मी, सासरे आणि सासूबाई. सासऱ्यांना सगळे अप्पा म्हणायचे आणि सासूबाईंना अक्का. यांची वकिली चालायची, म्हणजे त्या मोटारीपेक्षा बरी चालायची, एवढंच म्हणता येईल. त्यामुळे यांच्याकडे वेळ भरपूर होता आणि तो कुठे घालवावा याचं दुःखही नव्हतं.

मोटार होती रेल्वेतल्या एका गोऱ्या साहेबाची. साहेब विलायतेला परत निघाला, इंजिन कधीच बसलेलं होतं, आणि कोणी घेईना म्हणून ती यांच्या गळ्यात पडली. हे म्हणत, "गळ्यात पडली नाही, मी मागून घेतली." तेही खरं होतं. त्यामागचं कारण मला ठाऊक होतं, म्हणूनच मी त्या दिवशी दाराआड गप्प राहिले. एरवी मी गप्प राहणाऱ्यांतली नव्हे.

कारण होते अप्पा. मामलेदार कचेरीतून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेला हा माणूस आयुष्यभर पायी हिंडलेला. सकाळी एक फेरी, संध्याकाळी एक फेरी, आणि मधे कुणी बोलवायला आलं तर आणखी एक. मग एका उन्हाळ्यात आंबा उतरवताना बघायला शेतावर गेले आणि बांधावरून पडले. हाडवैद्यानं पट्ट्या बांधल्या त्या अशा काही बांधल्या, की हाड जुळलं पण गुडघा कायमचा सरळ राहिला. काठी टेकत घरात फिरता येई, व्हरांड्यात येऊन आरामखुर्चीत बसता येई. पण पाय काही वाकायचा नाही.

पहिल्या वर्षी दसऱ्याला टांगा बोलावला. धारवाडात दसरा म्हणजे संध्याकाळी पुरुषमाणसांनी गावाची शीव ओलांडायची, बन्नीच्या झाडाची, म्हणजे आपल्या शमीची, पूजा करायची आणि पानं घेऊन परत यायचं. ती पानं म्हणजे सोनं. अप्पांनी जन्मात ते चुकवलं नव्हतं. टांग्याची पायरी उंच, पाय वाकेना, म्हणून चौघांनी त्यांना उचललं. पोतं चढवतात तसं. धोतराचा सोगा सुटला, रुमाल घोड्याच्या पायाशी पडला, आणि पलीकडच्या ओट्यावर कुणीतरी पोर खुदकन हसलं. अप्पा म्हणाले, खाली ठेवा. ठेवलं. काठी टेकत आत आले ते पुन्हा फाटकाबाहेर पडले नाहीत.

तेव्हापासून दसऱ्याला लोक येऊन त्यांच्या हातात बन्नी ठेवत. ते घेत, आणि लोक गेले की दरवर्षी एकच बोलत: "बसल्या जागी सोनं घेणारा मी कोण, देव का मुडदा?" आणि अक्का दरवर्षी एकच करत. शीव ओलांडून आलेल्याला दारात ओवाळायचं असतं. अक्का मुलाला, म्हणजे यांना, ओवाळत, मग निरांजन तसंच तबकात घेऊन आरामखुर्चीकडे बघत उभ्या राहत. जो गेलाच नाही त्याला ओवाळायचं कसं? निरांजन विझे, आणि त्या आत जात. हे बघून माझ्या पोटात तुटायचं. यांच्याही तुटत असणार, पण पुरुषांच्या पोटाचं कळत नाही. ते एकदम मोटारच आणतात.

मोटारीचा पाय ठेवायचा फळा जमिनीपासून हातभर, दार रुंद, आणि पुढचं डावीकडचं आसन काढलं तर मागच्या आसनावर बसून माणसाला पाय सरळ पसरता येतो. हे सगळं यांनी आधी मोजून घेतलं होतं. अप्पा दुपारी झोपलेले असताना त्यांच्या पायाला माझ्या शिवणाच्या डब्यातली टेप लावली होती. अप्पा जागे होते, असं मला नंतर अक्कांनी सांगितलं.

मोटार अंगणात आली तेव्हा अप्पांनी खुर्चीतूनच तिच्याकडे एक नजर टाकली आणि म्हणाले, "ही चालली तर मी दसऱ्याला बन्नीला जातो की." आवाजात थट्टा होती. ही काही चालत नाही, असा त्यांचा हिशेब. पण श्रावण संपता संपता एके दिवशी मला वाळत घातलेल्या कपड्यांत त्यांचा तो लांब काळा कोट दिसला. अक्कांना विचारलं तर म्हणाल्या, "काढायला लावला त्यांनीच. कसर लागली काय बघायला."

गाय गोठ्यातून फणसाखाली गेली आणि मोटार गोठ्यात गेली. गाईनं ते मनाला लावून घेतलं आणि दूध कमी केलं. अक्का गोठ्याच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकत नसत. त्यांचं सोवळं कडक, आणि मोटारीत सगळी आसनं चामड्याची. शिवाय ते काळं वंगण चरबीचं तर नाही ना, हा संशय. यांनी शपथेवर सांगितलं, की एरंडेल आहे. अक्कांनी सांगितलं, वकिलाच्या शपथेवर कोर्टात विश्वास ठेवत असतील. त्या परसात उभ्या राहून लांबूनच चौकशी करत, आणि चौकशी रोजची असे.

मोटारीबरोबर एक इंग्रजी पुस्तक आलं होतं. हे ते पुस्तक समोर उघडून इंजिनाची उलटतपासणी घेत. हा नट का गंजला? ह्या नळीचं दुसरं टोक कुठे? उत्तर आलं नाही की पान उलटून दुसरा प्रश्न. हळूहळू मीही गोठ्यात जायला लागले. माझ्या मांडीवर तेव्हा अजून कुणी नव्हतं, दुपार जाता जात नसे, आणि खरं सांगायचं तर इंजिन उघडल्यावर मला ते आवडलं. वरचं जड झाकण काढलं की खाली चार गोल विहिरी, आणि त्यांच्यात काजळीचा हा थर. ती काजळी मी उलथन्यानं खरवडून काढली. ते उलथनं मग स्वयंपाकघरात परत आलं नाही, आणि त्यावरून काय ऐकावं लागलं ते इथे लिहीत नाही.

न्हाणीतला जुना गळका बंब डाग देऊन परसात मांडला. त्यात धुण्याचा सोडा घालून सुटे भाग उकळले. घासलेटनं धुतले, काचकागदानं घासले. पितळेचं कार्बुरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा कालवायची ती लोटीएवढी वस्तू, मी चिंच लावून असं लखलखीत केलं, की हे म्हणाले, आता यात तीर्थ ठेवावं. मग रंग. पुस्तकात इंजिन करड्या रंगाचं होतं. अप्पा व्हरांड्यातून म्हणाले, करडं तर गाढवही असतं. शेवटी उष्णता सोसणारा हिरवा रंग हुबळीहून आणला आणि एकावर एक पातळ हात देऊन, प्रत्येक हात उन्हात वाळवून, ते सगळं धूड कैरीसारखं हिरवंगार केलं. अक्का परसातून म्हणाल्या, "इंजनाला तीन तीन हात रंग. माझ्या देवघराच्या दाराला विचारा, शेवटचा कधी लागला."

आता व्हॉल्व्हांविषयी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यांच्यावरच आहे. व्हॉल्व्ह म्हणजे अळंबीच्या आकाराचा लोखंडी खिळा. खाली दांडी, वर चपटी टोपी. आमच्या इंजिनात असे आठ. प्रत्येकाची टोपी आपापल्या भोकाच्या कडेवर झाकणासारखी घट्ट बसायला हवी. जराशी फट राहिली की तिथून दाब निसटतो आणि इंजिन फुसकं होतं. म्हणून कुरुंदाची पूड तेलात कालवून कडेला लावायची आणि व्हॉल्व्ह त्याच्याच भोकात बसवून मागेपुढे फिरवत घासायचा. एकदा जोडी जमली की ती मोडायची नाही. पहिल्या भोकाचा पहिल्यातच, दुसऱ्याचा दुसऱ्यातच. यांनी सगळे आठ घासून घेतले, तळहाताला फोड आणले, आणि एका लाकडी पाटावर ओळीनं मांडून प्रत्येकाखाली खडूनं आकडा घातला. आता फक्त झाकणाखाली घालायचं तांब्याचं पॅकिंग राहिलं होतं. ते आलं की जोडणी, आणि दोन दिवसांवर दसरा. हे इतके खूष होते, की रात्री जेवताना मागून आमटी घेतली.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. हे सकाळच्या गाडीनं पॅकिंग आणायला हुबळीला गेले. मी पुरणाच्या डाळीत अडकले होते. आणि अक्कांच्या मनात आलं, की घरात एवढं लोखंड आहे, त्याची पूजा नको?

आमच्याकडे खंडेनवमीला विळी, कोयता, पहार, कुऱ्हाड, माझं शिवणाचं यंत्र सगळं देवापुढं येई. यांची कायद्याची पुस्तकंसुद्धा येत, कारण वकिलाची हत्यारं तीच. त्या वर्षी अक्कांना वाटलं, की खरं हत्यार तर गोठ्यात आहे, आणि ज्याच्यावर घरधन्याचं जाणं-न जाणं अवलंबून आहे त्याला हळदकुंकू नाही म्हणजे काय. ज्या उंबऱ्याच्या आत त्या कधी गेल्या नाहीत, तो त्यांनी त्या दिवशी अंघोळीच्या आधी ओलांडला. सगळे सुटे भाग परसात आणले, राखेनं घासले, स्वच्छ पाण्यानं धुतले, पुसले. पाटसुद्धा धुतला. मग स्वतः न्हाल्या आणि देवापुढे मांडामांड केली. हातोडी, पाने, पितळी नळ्या, कार्बुरेटर. मधोमध तो पाट, त्यावर रांगोळी, आणि रांगोळीवर आठ व्हॉल्व्हांचं कमळ. दांड्या आत, टोप्या बाहेर, मधे एक टपोरा झेंडू. सगळ्यांवर हळदकुंकू आणि अक्षता. मी हात पुसत आले तेव्हा त्या निरांजन लावत होत्या. मी बघितलं आणि तोंड उघडून तशीच उभी राहिले. कमळ फार सुंदर झालं होतं, हेही सांगायला हवं.

दुपारी हे पॅकिंग काखेत मारून, शीळ घालत आले. देवघराच्या दारात शीळ थांबली.

"अक्का, आकडे?" यांनी अगदी हळू विचारलं.

"कसले? पाटावर खडूनं काय तरी गिरबटलं होतं. पाट धुऊन घेतला की."

यांनी ओरडावं असं मला वाटत होतं. ओरडले असते तर बरं झालं असतं. हे खाली बसले आणि मुलांना शिकवावं तसं अक्कांना समजावून सांगितलं, की कोणता व्हॉल्व्ह कोणत्या भोकाचा ते आता कळणार नाही, सगळे पुन्हा घासायला लागणार, पुन्हा जोड्या जमवायला लागणार, आणि उद्या दसरा. अक्कांचा चेहरा ऐकता ऐकता उतरत गेला. शेवटी त्या म्हणाल्या, "उचल. आत्ता उचल आणि लाग कामाला. पाप लागलं तर मला लागू दे."

खंडेनवमीला पुजलेलं हत्यार दसऱ्याच्या उत्तरपूजेपर्यंत हलवायचं नाही, हा नियम. तो अक्कांनीच मला पहिल्या वर्षी शिकवला होता. भाजी चिरायला विळी मागितली तर चिरलेली भाजी आदल्या दिवसाची काढून दिली होती. आणि आता त्याच म्हणत होत्या, उचल.

व्हरांड्यातून अप्पा म्हणाले, "पूजेतलं उचलायचं नाही. बिडु. सोडून दे." मग थोड्या वेळानं, अगदी सहज: "तो कोट आत घ्या. उन्हानं विटेल."

अक्कांनी कोट आत घेतला. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. विचारलं तर म्हणाल्या, नवमीचा उपास आहे. मला माहीत होतं, त्यांचा तो उपास नसतो.

दसऱ्याला यांनी उजाडताच उत्तरपूजा उरकली. अक्षता टाकायची आणि पाट उत्तरेला सरकवायचा अवकाश, कमळ मोडून हे गोठ्यात. व्हॉल्व्हाच्या टोपीत एक खाच असते, त्यात पातं अडकवायचं आणि पात्याची लाकडी दांडी दोन तळव्यांत धरून फिरवायची. यांचे फोड आधीच फुटलेले. पहिला व्हॉल्व्ह होईतो दांडीला रक्त लागलं. मग मी बसले. माझे तळवे दुसऱ्याच्या मध्यावरच पेटले. उन्हं वर आली होती, आणि राहिलेले व्हॉल्व्ह आमच्याकडे टोप्या वर करून बघत होते.

अक्का परसात येऊन उभ्या होत्या. अंगावर नैवेद्याच्या स्वयंपाकाचं सोवळ्याचं लुगडं. बराच वेळ त्यांनी बघितलं आणि मग त्यांच्यानं राहवेना. म्हणाल्या, "असं ताक घुसळलं तर जन्मात लोणी यायचं नाही. मनगटानं काय जोर करता दोघं? दांडी सैल धरायची. ती तळव्यात आपली आपण फिरते."

हे म्हणाले, "अक्का, ते सांगायला सोपं आहे."

त्या आत गेल्या. मला वाटलं, रागावल्या. बाहेर आल्या त्या जुनेरं नेसून. मला म्हणाल्या, "तू जा चुलीकडे. पुरण वाटलेलं आहे, कणीक तिंबलेली आहे. नैवेद्य तूच कर." मी म्हटलं, मी सोवळ्यात नाही, अंघोळ करून येते. म्हणाल्या, "मग कर की अंघोळ. मी काय आता सोवळ्यात आहे?" आणि दुसऱ्यांदा त्या उंबऱ्याच्या आत गेल्या, पोतं अंथरून इंजिनापाशी बसल्या आणि दांडी हातात घेतली.

सणाचा नैवेद्य त्या घरात मी एकटीनं त्याआधी कधी केला नव्हता. पोळ्या फाटल्या, पुरण तव्याला लागलं, आणि मी मधून मधून परसाच्या दारात जाऊन कान देत होते. घस्स घस्स घस्स, मधेच थांबून दांडी उचलायची, जरा वळवायची, पुन्हा घस्स घस्स. रोजचं पहाटेचं ताकच जणू. एकदा ऐकलं, अक्का म्हणत होत्या, "थांब, आवाज बदलला. खरखर गेली. आलं लोणी." यांनी व्हॉल्व्ह काढून पुसून बघितला. टोपीच्या कडेला सगळीकडून सारखी, अखंड करडी रेघ उमटलेली. वरून घासलेट ओतलं. थेंब खाली आला नाही. यांनी लगेच पुढचा व्हॉल्व्ह अक्कांच्या हातात दिला.

जेवणं कशीतरी झाली. अप्पांनी फाटक्या पोळीला नाव ठेवलं नाही, त्यावरून मी ओळखलं की त्यांचं लक्ष ताटात नाही. दुपार कलली तसं इंजिनाचं झाकण बसलं, नट आवळून झाले, पाणी, तेल, पेट्रोल घातलं. आळीतले पुरुष नवी धोतरं, नवे रुमाल बांधून बन्नीला निघाले होते, ते आमच्या फाटकाशी रेंगाळले. आणि अप्पा आतून आले ते कोट घालून. कुणी सांगितलं नव्हतं. खुर्चीत बसले आणि मोटारीकडे न बघता समोरच्या नारळाकडे बघत राहिले.

यांनी पुढे जाऊन हँडल मारलं. काही नाही. पुन्हा मारलं. घामानं सदरा पाठीला चिकटला, फाटकाशी कुणीतरी बैलांची आठवण काढली, आणि इंजिन नुसतं उसासे टाकत राहिलं. अक्का खांबाला धरून उभ्या. मी देवाला काय काय बोलले ते देव जाणे. शेवटी अप्पा म्हणाले, "राहू दे रे. पुढल्या वर्षी बघू." आवाजात थट्टा नव्हती. ती असती तर मला इतकं वाईट वाटलं नसतं.

यांनी हँडल खाली ठेवलं. मग काय मनात आलं कोण जाणे, कार्बुरेटरचं झाकण काढलं. आत कोरडं ठक्क. पेट्रोल पोचतच नव्हतं. यांनी पेट्रोलची बारीक नळी सोडवली, तोंडात धरली आणि गाल फुगवून फुंकली. नळीच्या दुसऱ्या टोकातून टप्पकन काहीतरी यांच्या तळहातावर पडलं. मी जवळ होते म्हणून मला दिसलं. कुंकवानं लाल झालेला तांदळाचा दाणा. कालच्या पूजेची अक्षता. मी अक्कांकडे बघितलं, त्यांना दिसलं नव्हतं. यांनीही वर बघितलं नाही. दाणा कपाळाला लावला, खिशात टाकला आणि नळी परत जोडली.

मग हँडल मारलं आणि इंजिन खोकलं. पुन्हा मारलं, आणि ते धाडधाड करत असं उठलं, की फणसाखालच्या गाईनं दावं तोडलं आणि आळीतले कावळे उडाले. निळा धूर सगळ्या अंगणात पसरला. तेवढ्यात मला रडू फुटलं आणि मी ते धुरावर ढकललं. अप्पा उठले, काठी टेकत आले, फळ्यावर चांगला पाय ठेवला, दाराची कड धरली आणि आत बसले. पाय सरळ पुढे पसरला. कुणी हात लावला नाही. त्यांनी रुमाल नीट केला आणि मुलाला म्हणाले, "हळू चालव. लोक पायी आहेत." मोटार फाटकातून बाहेर पडली ती चालणाऱ्यांच्या मागून, बैलांपेक्षाही हळू.

आम्ही बायका घरी. अक्का आणि मी ओट्यावर बसून तो आवाज ऐकत होतो. रेल्वेच्या फाटकापर्यंत ऐकू आला, पलीकडे गेल्यावर बारीक झाला, मग नाहीसा झाला. लांब गेली म्हणून, की बंद पडली म्हणून, हे कळायला मार्ग नाही. अक्का उठल्या, हात राखेनं घासले, लिंबानं घासले, पुन्हा राखेनं घासले. तळव्याच्या रेघांतलं काळं काही निघेना. म्हणाल्या, असू दे. तबक तयार केलं. निरांजनाच्या वाती दोनदा बदलल्या. दिवेलागण होत आली. पायी गेलेले परत यायला लागले, बन्नी देऊन गेले, आणि प्रत्येकाच्या पाठीमागे आम्ही दोघी रस्त्याकडे बघत होतो. शेवटी शेजारचे पेन्शनर मास्तर आले. हातात बन्नी ठेवून म्हणाले, "बन्नी तगोंडु बंगारदांग इरोणु." बन्नी घ्या आणि आपण सोन्यासारखे राहू या, असं इकडे म्हणतात. आणि मग हसून म्हणाले, "येतायत की मागून. सगळं गाव त्यांना बन्नी देतंय, गाडीला पुढे सरकू देतंय कोण?"

आवाज पुन्हा आला. मोटार फाटकात शिरली. पुढच्या जाळीला कुणीतरी बन्नीच्या डहाळ्या खोवल्या होत्या. बंद केलं तर पुन्हा सुरू होईल न होईल या भीतीनं हे इंजिन चालू ठेवूनच बसले होते. अप्पा फळ्यावरून उतरले, काठी टेकत आले आणि उंबऱ्याबाहेर उभे राहिले. रुमालात, खांद्यावर, कोटाच्या खिशातून, सगळीकडे बन्नीची पानं. अक्कांनी तबक उचललं. निरांजनाची ज्योत हलायला लागली.

"हात थरथरतोय," अप्पा म्हणाले.

"सकाळपासून घुसळतेय," अक्का म्हणाल्या.

त्यांनी ओवाळलं. कुंकू लावलं. आळीतली माणसं फाटकाशी उभी होती, मी होते, हे होते, आणि अप्पांनी खिशातून एक पान काढून सगळ्यांदेखत अक्कांपुढे धरलं. अक्का गोंधळल्या. म्हणाल्या, "अहो, आधी देवाला."

"देवाला देतो की," अप्पा म्हणाले. "देव काय सकाळपासून घुसळत बसला नव्हता."

अक्कांनी तळवा पुढे केला. रेघा अजून काळ्या होत्या. त्यावर त्यांनी ते पान ठेवलं, आणि मोटार बंद करायचं बराच वेळ कुणालाच सुचलं नाही.